प्रोसेसरला अस्तर

त्या गल्लीत सगळे त्यांना अस्तरमास्तर म्हणत. शिंप्याला मास्तर म्हणतातच. पुढचं 'अस्तर' मात्र त्यांनी स्वतःच्या कर्तबगारीवर मिळवलेलं होतं. कोटाला अस्तर लावतात, झग्याला लावतात, इथवर कोणाचीच हरकत नव्हती. मास्तर पिशवीला अस्तर लावत. उशीच्या अभ्र्याला लावत. शेजारच्या बाईंनी एकदा मिक्सरवर घालायला साधं झाकण शिवायला दिलं, तर ते इतकं देखणं होऊन परत आलं की बाईंनी झाकण खराब होईल म्हणून मिक्सर वापरायचंच सोडलं. ह्याला कशाला अस्तर, असं कोणी विचारलंच, तर मास्तर चष्म्यावरून बघत म्हणत, "आतली बाजू टोचता कामा नये. बाहेरून काय, सगळंच चांगलं दिसतं."

आता एवढं वेड असलेला माणूस बोलताना तरी उघडा कसा बोलणार? मास्तरांना चहा हवा असला की ते "चहा कर" असं कधीही म्हणत नसत. "आज हवा जरा जडच आहे, नाही?" असं म्हणत. भूक लागली की घड्याळ मागे पडलंय की काय, अशी शंका काढत. पाहुणा उठायचं नाव घेईना, तर त्याला शेवटची बस किती वाजता असते ते अगदी आपुलकीनं विचारत. मास्तरीणबाईंना हे अस्तर उसवून आतलं वाचायची इतकी सवय झाली होती की हवा जड व्हायच्या आत कप समोर येई. पुढे मास्तरीणबाई वारल्या. आता आपल्या बोलण्याचा अर्थ लावणारं घरात कोणी उरलं नाही, असं मास्तरांनी ठरवून टाकलं, आणि शिलाई मशीनवर चादर घालून ते खिडकीशी बसून राहू लागले.

घरात मुलगा होता, पण तो लिफ्टदुरुस्तीच्या कामावर. सारं गाव कुठल्या ना कुठल्या मजल्यावर अडकलेलं असायचं आणि ह्याचा दिवस त्यांना सोडवण्यात जायचा. सून एका बांधकामाच्या कचेरीत कामाला होती. अजून न बांधलेल्या इमारतींची चित्रं आणि छोटे छोटे सिनेमे ती कॉम्प्युटरवर तयार करायची. पाया खणलेला नसतानाही त्या इमारतीच्या जिन्यावरून ऊन उतरताना दाखवणं, हे तिचं काम. मास्तरीणबाई गेल्यावर काही महिन्यांनी ती एकदा भलंमोठं खोकं घेऊन घरी आली आणि म्हणाली, "बाबा, ऑफिसनं आता घरूनच काम करायला सांगितलंय. पुढच्या खोलीत टेबल लावते. तिथं उजेड चांगला आहे."

पुढची खोली म्हणजे मास्तरांची शिलाईची खोली. मास्तर म्हणाले, "लाव की," आणि दुसऱ्याच दिवशी बुचकळ्यात पडले. कारण उजेडासाठी आलेल्या सुनेनं आधी खिडकीला जाड पडदा लावला. म्हणे उजेड स्क्रीनवर पडून डोळ्यांना त्रास होतो. ह्या पोरीला नेमकं काय हवंय, हे काही मास्तरांना उमगलं नाही. त्यांनी आपल्यापुरता पडद्याचा अर्धा भाग सरकवून घेतला. मग आठवड्याभरात ती म्हणाली, "बाबा, ही खुर्ची फार टोचते हो." खुर्ची टोचते हे ऐकून कुठला अस्तरमास्तर गप्प बसेल? त्यांनी मशीनवरची चादर काढली, कपाटातून मास्तरीणबाईंचा जांभळा गाऊन काढला, तो बराच वेळ मांडीवर धरून बसले, आणि मग त्याची एक गुबगुबीत गादी शिवली. अस्तर लावून, हे सांगायला नकोच.

तेव्हापासून खोलीत दोन यंत्रं पाठीला पाठ लावून चालू लागली. इकडे मशीनची खडखड, तिकडे कॉम्प्युटरची घूंघूं. दिवसभर दोघं एकमेकांकडे पाठ करून गप्पा मारत. तोंडं समोर नसली की माणसं बरं बोलतात, असा मास्तरांचा अनुभव. सुनेला "हवा जड आहे" ह्याचा अर्थ दुसऱ्या की तिसऱ्या दिवशीच कळला होता. मास्तरांची भूक परत आली, हातात काम परत आलं. आपण हिच्या कामात फार लुडबुड करतो, ती बिचारी सोसते, असं ते शेजाऱ्यांना सांगत. हे खोलीतलं बसणं बंद झालं तर आपलं काय होईल, हा विचार मात्र ते मनाच्या तळाशी घडी घालून ठेवत.

आणि मग तो उन्हाळा आला. असा की दाराच्या कडीला हात लावायचा तर आधी फडकं घ्यावं लागे. पत्र्याच्या छपरावरची मांजरं दिवसा दिसेनाशी झाली. पंखा गरम हवा एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन टाकत होता, एवढंच. एका दुपारी सुनेच्या टेबलाखालून विमान उडाल्यासारखा आवाज आला, वाढत गेला, आणि एकदम थांबला. स्क्रीन काळा झाला.

"लाइट गेली?" मास्तरांनी मागे न वळता विचारलं.

"लाइट आहे. हा गेला," सून म्हणाली.

मग तिनं त्यांना समजावून सांगितलं. ह्या पेटीच्या आत एक प्रोसेसर असतो, बिस्किटाएवढा चौकोन, सगळं डोकं तिथं. फार काम पडलं की तो तापतो. त्याच्यावर धातूच्या पातळ पात्यांचा एक ठोकळा बसवलेला असतो, ठोकळ्यावर पंखा. ठोकळा ताप ओढून घेतो, पंखा तो ताप बाहेर ढकलतो. पण बाहेरची हवाच तापलेली असली की पंखा तरी काय करणार? शेवटी प्रोसेसर जीव वाचवायला स्वतःच बंद पडतो.

"म्हणजे रुसतो," मास्तर म्हणाले.

"रुसतो म्हणा. आणि नेमकं आत्ता काम आहे पोहण्याच्या तलावाचं. पाण्याच्या लाटा, पाण्यातलं छताचं प्रतिबिंब, भिंतीवर हलणारा उजेड. पाणी दाखवायलाच तो सगळ्यात जास्त तापतो."

मास्तरांना ह्याची भारी गंमत वाटली. स्क्रीनवर निळंशार गार पाणी आणि ते दाखवणारा आत भाजून निघतोय. पण गंमत फार वेळ टिकली नाही. सुनेचा फोन वाजला. तलावाचा सिनेमा येता सोडून पुढच्या सोमवारी हवा होता, आणि साहेब पलीकडून एवढ्या मोठ्यानं बोलत होते की मास्तरांना कान टवकारायचे कष्टही पडले नाहीत. "तिथं उकाड्यात कशाला जीव घालवता? ऑफिसला या ना. एसी आहे, टेबल रिकामं आहे. आता रोज इथंच बसत जा."

सून म्हणाली, "बघू."

ह्या 'बघू'नं मास्तरांचं मशीन थांबलं. त्यांनी स्वतः आयुष्यभर जिथं जिथं 'बघू' म्हटलं होतं, तिथं तिथं अर्थ 'हो' असाच होता, फक्त अस्तर लावलेला. एसीची खोली ती, एकदा जाऊन बसली की कोण परत येतंय? मास्तरांनी त्याच दुपारी ठरवलं की काहीही झालं तरी हा प्रोसेसर घरीच थंड राहिला पाहिजे. का, ते अर्थातच कोणाला सांगितलं नाही. ताकास तूर लागू देतील तर ते मास्तर कसले.

"मला त्या यंत्राची दया येते," एवढंच ते म्हणाले.

मग सुरू झाली सेवा. पहिल्या दिवशी त्यांनी फ्रिजमधला बर्फ परातीत काढून पेटीच्या पोटाशी नेऊन ठेवला. सुनेनं परात दोन्ही हातांनी उचलून मोरीत नेऊन ओतली आणि परत येऊन शांतपणे सांगितलं की पाणी आणि वीज ह्यांचं जमत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी खिडकीला ओली चादर बांधली. खोली गार झाली नाही, फक्त दमट झाली. सुनेचे कागद गोल गुंडाळले गेले आणि मास्तरांच्या खडूची रेघ कापडावर उमटेना. तिसऱ्या दिवशी त्यांनी पेटीच्या डोक्यावर ओल्या रुमालाची घडी ठेवली, ताप आलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवतात तशी. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, दुसरं काय.

सुनेनं मग एक बरं केलं. स्क्रीनच्या कोपऱ्यात प्रोसेसरचा ताप आकड्यात दिसेल अशी सोय केली. "हा आकडा सत्तरच्या आसपास असला की निर्धास्त. नव्वद झाला की काळजी. शंभरला पोचला की तो मिटला." हा आकडा म्हणजे मास्तरांच्या हातात कोलीत झालं. दर दोन शिवणींनी ते मान वळवत. "ब्याऐंशी." "सत्याऐंशी गं." काज करताना मान वळवल्यानं एका गिऱ्हाइकाच्या सदऱ्याला बटणापेक्षा मोठं काज पडलं, तरी मास्तरांची नजर आपली आकड्यावर.

शेवटी त्यांना वाटलं, आपल्याला उपाय सापडला. उकडलं की माणूस काय करतो? कोटाची बटणं सोडतो. मग त्यांनी सुनेच्या परवानगीनं पेटीची एक बाजू स्क्रू काढून उघडी केली, आणि आपल्या बाजूचा टेबलफॅन असा फिरवला की वारा त्यांच्या मशीनवरून थेट पेटीच्या उघड्या कुशीत जावा. आकडा उतरला. अठ्ठ्याहत्तर. मास्तर स्वतः घामानं निथळत होते, कारण त्यांचा वारा आता प्रोसेसर खात होता. पण चेहरा असा फुललेला, की जणू तलाव त्यांनीच खणला.

"बाबा, तुम्हाला वारा येत नाहीये," सून म्हणाली.

"वाऱ्यानं माझा खांदा धरतो," मास्तर म्हणाले. त्यांचा खांदा जन्मात कधी धरला नव्हता.

हे सुख दोन-चार दिवस टिकलं. त्याच सुमारास मास्तरांकडे एका हॉटेलचं काम आलं, आंघोळीनंतर घालायच्या टॉवेलच्या झग्यांचं. टॉवेलचं कापड कापलं की काय होतं हे शिंप्यानं कोणाला सांगायला नको. कात्री चालवली की बारीक तूस उडतं, हवेत तरंगतं, भुवयांवर बसतं. मास्तर पांढरेशुभ्र होऊन काम करत होते, बाजूनं टेबलफॅन वारा घालत होता, आणि तो वारा सगळं तूस गोळा करून पेटीच्या उघड्या कुशीत इमानेइतबारे नेऊन पोचवत होता. आकडा चढू लागला. पंच्याऐंशी, नव्वद, त्र्याण्णव. मास्तरांनी फॅनचा वेग वाढवला. आकडा आणखी चढला. शुक्रवारी सकाळी तो शंभरला टेकला, आणि तलाव लाटांसकट काळा झाला.

सुनेनं फुंकरवाल्याला बोलावलं. हा कॉम्प्युटर दुरुस्त करणारा माणूस. कुठलाही बिघाड असो, आधी पंपानं फुंकर मारायची आणि मग विचार करायचा, ही त्याची रीत, म्हणून हे नाव. त्यानं पेटी आडवी केली, पंखा काढला, आणि आत बघून फुंकर मारायचंच विसरला.

"ताई, ह्यात गादी कोणी भरली?"

पंखा आणि पात्या ह्यांच्या मधोमध एक जाड, घट्ट चकती तयार झाली होती. त्यानं चिमटीत धरून ती अलगद ओढली. निघाली ती अख्खी, बोटभर जाडीची, पापुद्र्यांची. वरचा पापुद्रा पांढरा. मास्तर खुर्ची ओढून जवळ आले. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि चकती तळहातावर घेतली. ती काय आहे हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

"हे पांढरं झग्यांचं," ते हळू म्हणाले. "हे निळं शाळेच्या गणवेशांचं. हिरवं दवाखान्याच्या पडद्यांचं. हे लाल... नाटकवाल्यांनी राजाचे अंगरखे शिवून घेतले होते बघ." एकेक थर ते नखानं उलगडत गेले. सगळ्यात खाली, पात्यांना अगदी चिकटून बसलेला एक पातळ जांभळा थर होता. तिथं मास्तर थांबले. ते नाव घेईनात. सुनेनं आपल्या खुर्चीवरच्या गादीकडे पाहिलं.

म्हणजे ज्याला वाचवायला मास्तर जिवाचं रान करत होते, त्याचा गळा त्यांचंच मशीन दाबत होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा तो हा असा.

फुंकरवाल्यानं पात्या ब्रशनं साफ केल्या, मनसोक्त फुंकर मारली. मग ठोकळा काढून प्रोसेसरवरचा वाळलेला लेप पुसला आणि एका नळीतून नवीन लेपाचा टिपूस त्यावर ठेवला. मास्तरांना जरा जीव आला. "हे काय, अस्तर?"

"अस्तर नाही काका, उलटं. दोघांच्या मध्ये हवा अडकू नये म्हणून हा लेप. जितका पातळ तितका बरा. जाड झाला की ताप इकडून तिकडे जातच नाही, आतल्या आत राहतो." सगळं पूर्ववत लावून, पेटीची उघडी बाजू घट्ट बंद करून, तो जाता जाता म्हणाला, "पण खरं सांगू का ताई? हे मशीन आणि हा कॉम्प्युटर एका खोलीत नांदायचे नाहीत. दोघांतलं एक बाहेर काढा."

तो गेला, आणि खोलीत दोन माणसं आपापल्या मनात एकच गोष्ट ठरवत बसली, ती अशी की बाहेर जायचं ते आपण.

मास्तरांनी पहिला घाव घातला. "मी म्हणतो, मशीन मागच्या गच्चीत न्यावं. तिथं उजेड चांगला आहे." मागच्या गच्चीत उजेड होता हे खरं, इतका की दुपारी तिथं पापड वाळवला असता तर भाजून निघाला असता. मुलगा घरी आल्यावर त्यांनी त्याला मशीनचं दुसरं टोक धरायला लावलं आणि शनिवारी सकाळी ते डोक्यावर ओलं फडकं टाकून गच्चीत झगे शिवायला बसले. सुनेनं मागच्या खिडकीतून पाहिलं. मग ती बाहेर आली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही पुढेच बसा. मी विचार करतेय, ऑफिसलाच जावं. तिथं एसी आहे. मलाही जरा बरं वाटेल."

"हो का," मास्तर म्हणाले. "बरंच की. एसी म्हणजे काय, चांगलंच."

एवढं बोलून त्यांनी खाली बघून मशीन दामटलं. शिवण वाकडी गेली.

पण मास्तर हार मानणारे नव्हते. त्यांनी विचार केला की तूस आत जातं ते हवेच्या जाळीतून, मग जाळीलाच कापड लावावं, म्हणजे हवा जाईल आणि तूस अडेल. विचार उत्तम होता. फुंकरवाल्यानंही नावाजला असता. ते लगेच माप घ्यायला टेप घेऊन पेटीपुढे बसले, आणि मग हात आपल्या जन्माच्या सवयीवर गेला. वरून बारीक जाळीचं कापड, ते ठीक. पण जाळीची आतली बाजू उघडी राहणार, टोचणार, म्हणून आतून अस्तर. जाळी आणि अस्तर ह्यांच्यामध्ये पोकळ लागतं म्हणून कापसाचा पातळ थर. कडेनं गोट. चार कोपऱ्यांना चिकटपट्टी. सुनेचं जेवण होईपर्यंत ते पेटीला बसलंही. दिसत होतं असं, की पेटीला कोणाच्या लग्नाला जायचंय.

सुनेनं जेवून येऊन तलाव पुन्हा चालू केला. आजचा दिवस आणि उद्याचा, एवढ्यात सगळं पुरं व्हायचं होतं. साफसफाई झालेली, नवा लेप लावलेला. आकडा सत्तरवर शांत होता. मास्तर गच्चीच्या दारातून टाचा उंचावून बघत होते. मग आकडा पंच्याहत्तर झाला. ऐंशी. नव्वद. पेटी विमानासारखी ओरडू लागली. सून वाकून जाळीला हात लावते न लावते तोच सगळं बंद झालं. झाल्या कामाचं काही गेलं नव्हतं, पण वेळ गेला होता, आणि वेळच तर नव्हता. सुनेनं ती जाळी काढली, उलटीसुलटी करून पाहिली, अस्तरावरून एकदा बोट फिरवलं आणि टेबलावर ठेवली. मग ती फोन उचलून म्हणाली, "साहेब, पेटी घेऊन मी उद्या रविवारीच येते ऑफिसला. हो, मग रोजच. हो."

मास्तरांनी हे गच्चीच्या दारात उभं राहून ऐकलं. हात दाखवून अवलक्षण केलं होतं त्यांनी. आता गप्प आत जाऊन झोपावं, की "एसी चांगलाच" असं पुन्हा एकदा म्हणावं? दोन्ही सोपं होतं. त्याऐवजी ते खोलीत आले, टेबलावरची जाळी उचलली, स्टुलावर बसले आणि खिशातून उसवायचं पातं काढलं.

आयुष्यात मास्तरांनी दुसऱ्यांची कितीतरी अस्तरं उसवली होती, स्वतःचं एकही नाही. त्यांनी गोट काढला. कापूस काढून ठेवला. मग अस्तराचा टाका न् टाका तोडला. लहान टाके होते, चांगले होते, म्हणून तोडायला जड गेले. शेवटी हातात राहिली ती नुसती एकेरी जाळी, चार कडांना धागे निघालेली, आरपार दिसणारी. असली उघडी वस्तू कोणी मास्तरांची म्हणून दाखवली असती तर त्यांनी तिथल्या तिथं नाकारली असती. त्यांनी ती स्वतःच्या हातानं पेटीला लावली. मग पेटी जमिनीवरून उचलून टेबलावर ठेवली, कारण तूस शेवटी खालीच बसतं. टेबलफॅनचं तोंड भिंतीकडे केलं.

"लाव बरं," ते म्हणाले.

सुनेनं तलाव लावला. पाण्यावर लाट उठली. एकाहत्तर. चौऱ्याहत्तर. दोघं उभ्यानं बघत राहिली. आकडा सत्त्याहत्तरवर आला आणि तिथंच पाय पसरून बसला. बाहेर ऊन तसंच होतं.

"झालं की बाबा," सून म्हणाली. "तुमचं मशीन आत आणता येईल आता. मी नसले तरी पेटीची काळजी नाही. ती माझ्याबरोबर..."

"जाऊ नकोस," मास्तर म्हणाले.

सून थांबली. मास्तरांचं तोंड तिच्यासमोर होतं. पाठ करायला आता उशीर झाला होता.

"ऑफिसला जाऊ नकोस. मला ह्या खोलीत एकट्याला बसवत नाही. यंत्राची दया वगैरे काही नाही, ते सगळं खोटं होतं. तू पाठीशी असतेस म्हणून माझं मशीन चालतं. ही गेल्यावर मी संपलोच होतो. तू खोकं घेऊन आलीस म्हणून उठलो." त्यांचा आवाज शेवटी बारीक झाला, आणि एवढं उघडं बोलल्यावर अंगावर कपडा नसल्यासारखं त्यांना वाटलं. ते तिच्या खुर्चीवरची गादी उगाच थोपटू लागले.

सुनेनं फोन उचलला. "साहेब, उद्या नाही येत. नाही, रोजही नाही. पेटी थंड झाली. तलाव सोमवारी पाठवते." फोन ठेवून ती मास्तरांकडे वळली.

"बाबा, ऑफिसनं मला घरून काम करायला कधीच सांगितलं नव्हतं. तेव्हा मीच मागून घेतलं होतं. फार भांडावं लागलं."

मास्तर तिच्याकडे बघत राहिले. "का गं?"

"सांगितलं होतं की. ह्या खोलीत उजेड चांगला आहे."

मास्तरांनी खिडकीकडे पाहिलं. तिच्या बाजूचा जाड पडदा, पहिल्या दिवशी लावलेला, अजून तसाच ओढलेला होता. त्यांनी मान हलवली. मग दोघांनी मिळून गच्चीतलं मशीन आत आणलं आणि जुन्या जागी, तिच्या पाठीला पाठ लावून ठेवलं. सून स्वयंपाकघरात एक चक्कर मारून आली आणि स्क्रीनवरच्या पाण्याकडे वळली. मास्तरांनी सुईत दोरा ओवायला घेतला. डोळे भरून आले होते, म्हणून तो पहिल्यांदा गेला नाही आणि दुसऱ्यांदाही गेला नाही.

"आज हवा जरा जड आहे का गं?" त्यांनी विचारलं.

"ठेवलाय," सून म्हणाली. "उकळतोय."